ऐकणाऱ्या मंडळीचंच ऐक्य टिकतं

मंडळ्यांच्या ऐक्यासाठी आपण पुष्कळ प्रार्थना करतो. योहानाच्या सतराव्या अध्यायातली प्रभूची विनवणी संयुक्त उपासनेत हमखास वाचली जाते. पण महिला मंडळात आणि पास्टरेट कमिटीत काम करता करता माझ्या मनात एक गोष्ट पक्की होत गेली. ज्या मंडळीला ‘इथे तुमचं चुकतंय’ असं कुणी सांगू शकत नाही, ती दुसऱ्या मंडळीशी मनापासून जोडली जात नाही. त्या अनुभवाचे हे बोल.

१. आपल्या भिंती कुणी घातल्या, ते आधी जाणून घ्यावं.
नगरला अमेरिकन मराठी मिशन आलं, नाशिकला चर्च मिशनरी सोसायटी, नागपूर-जालन्याकडे स्कॉटिश मिशन, कोल्हापूरला अमेरिकन प्रेस्बिटेरियन. ज्या गावात जे मिशन पोहोचलं, त्या गावचे विश्वासी बहुधा त्या पंथाचे झाले. आपल्या पणजोबांनी सगळ्या पंथांची शिकवण तपासून त्यातला एक निवडला होता, असं क्वचितच घडलं. तरी आज आपण त्या सीमा प्रभूनेच आखल्यासारख्या जपतो. हे तरुण संघाला सांगितलं, की त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरतो. शेजारची मंडळी त्यांना मग परकी वाटत नाही.

२. मोठ्यांनाही तोंडावर सांगता आलं पाहिजे.
अंत्युखियात पेत्र विदेशी विश्वासणाऱ्यांबरोबर जेवत होता. यरुशलेमहून माणसं आली आणि तो पंगतीतून बाजूला झाला. पौलाने सर्वांसमक्ष त्याला दोष दिला. गलतीकरांच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात हे आहे. भांडण मानाचं नव्हतं. कुणी कुणाबरोबर जेवायचं, म्हणजेच मंडळी एक राहणार की नाही, याचं होतं. पुढे पेत्राच्या नावाच्या दुसऱ्या पत्रात पौलाचा उल्लेख ‘प्रिय बंधू’ असा येतो. कानउघाडणीनंतरही नातं राहू शकतं, याचा इतका स्पष्ट दाखला मला दुसरा सापडलेला नाही.

३. आपली चूक इतर मंडळ्यांना कळली तरी घाबरू नये.
प्रकटीकरणात आशियातल्या सात मंडळ्यांना सात पत्रं आहेत. स्मुर्णा आणि फिलदेल्फिया सोडल्या, तर बाकी पाचांना काही ना काही ऐकावं लागलं. बहुतेक ठिकाणी आधी कौतुक आहे, मग दोष. आणि प्रत्येक पत्राच्या शेवटी ऐकायला सांगितलंय ते एका मंडळीला नव्हे, सगळ्या मंडळ्यांना. इफिसची थंडावलेली प्रीती लावदिकीयालाही कळणार होती, लावदिकीयाचं कोमटपण इफिसलाही. आपल्याकडे मात्र ‘घरातली गोष्ट बाहेर जाऊ नये’ म्हणून कितीतरी दुखणी तशीच मुरत राहतात.

४. पाहुण्याला जे दिसतं, ते आपल्याला दिसत नाही.
ऐक्याच्या प्रार्थना सप्ताहात, म्हणजे १८ ते २५ जानेवारीत, आमच्याकडे दुसऱ्या मंडळीतल्या एक वयस्कर बाई आल्या होत्या. चहाच्या वेळी त्यांनी पाळकसाहेबांना शांतपणे विचारलं, “साहेब, रविवारी मी तुमच्याकडे प्रभुभोजनाला बसले होते. मागच्या बाकांवरची माणसं नेहमीच शेवटी येतात का?” पुढच्या कमिटीत यावर बराच वेळ बोलणं झालं. कुणी म्हणालं, बाहेरच्यांनी आमच्यात बोलू नये. पाळकसाहेबांनी एवढंच विचारलं, “त्या म्हणतात ते खरं आहे की नाही?” खरं होतं. मागची बाकं कुणाची, हे सगळ्यांना ठाऊक होतं. लग्न जमवताना ‘पूर्वीचे कोण?’ हा प्रश्न ज्यांना अजून विचारला जातो, त्यांची. बाप्तिस्म्याने मिटायला हवी होती ती जात आमच्या रांगेत उभी होती, आणि ते सांगायला शेजारच्या मंडळीतून माणसाला यावं लागलं. मला ऐक्याची खरी गरज तिथे कळली. एकमेकांच्या उपासनेला आपण जातच नसू, तर आपल्याला सांगणार कोण?

५. टीका करणारा कुठे उभा आहे, ते पाहावं.
रेव्हरंड ना. वा. टिळकांनी मिशनच्या परकीपणावर कठोर शब्दांत बोट ठेवलं. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला आणि बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही त्यात जागा दिली. पंडिता रमाबाईंनी इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, पण तिथल्या शिक्षिकांनी सांगितलेलं धर्ममत तपासल्याशिवाय स्वीकारलं नाही. दोघांनीही ख्रिस्ताला सोडलं नाही. टिळकांची पदं आज वेगवेगळ्या पंथांच्या मंडळ्या गातात. तेव्हा ज्यांचं बोलणं काहींना बोचलं, त्यांच्याच शब्दांत आपण एकत्र उपासना करतो. प्रेमाने, आतून केलेली टीका ओळखायला शिकलं पाहिजे.

६. ऐक्याला वेळ लागतो. घाई आणि चालढकल दोन्ही टाळाव्यात.
उत्तर भारतातल्या मंडळ्यांची बोलणी १९२९ मध्ये सुरू झाली आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला स्थापन झालं. मधली चार दशकं वाया गेली नाहीत. बालकांना बाप्तिस्मा देणारे आणि विश्वास कबूल केल्यावरच देणारे, अशा दोघांनी एकाच मंडळीत राहायचं ठरवलं. त्यासाठी प्रत्येकाला समोरच्याचा आक्षेप पूर्ण ऐकावा लागला. अमेरिकन परंपरेतली मेथॉडिस्ट मंडळी शेवटच्या टप्प्यावर बाहेर राहिली. ते दुःखाचं होतं, पण त्यांच्याशी संगती तोडण्याचं कारण तेव्हाही नव्हतं, आजही नाही.

७. जमिनीच्या वादात प्रभूचं नाव घेऊ नये.
मिशनच्या मिळकतींवरून विश्वासी कोर्टात गेल्याचं आपण पाहतो. हिशेब मागणाऱ्याला ‘ऐक्य मोडणारा’ ठरवणं सोपं असतं. पण उघड हिशेबाशिवाय कुणाचा विश्वास बसत नाही, आणि विश्वासाशिवाय ऐक्य नावापुरतंच राहतं. हिशेब मागणं हीसुद्धा मंडळीची सेवा आहे.

माझी सगळ्या पास्टरेट कमिट्यांना एक विनंती आहे. वार्षिक सभेला शेजारच्या मंडळीतल्या एखाद्या जाणत्या बाईला किंवा भावाला बोलवा. ती मंडळी कॅथलिक असो, मेथॉडिस्ट असो की पेंटेकोस्टल. त्यांना भाषण देऊ नका, हार घालू नका. ‘आमच्यात तुम्हांला काय खटकतं?’ एवढंच विचारा, ते इतिवृत्तात लिहून घ्या आणि पुढच्या सभेत त्याचं काय केलं ते सांगा. मग ते बोलावतील तेव्हा आपणही जाऊ, आणि तितक्याच प्रेमाने, तितकंच खरं बोलू.