परक्या देशी वस्ती

(शास्त्रवाचन : यिर्मया २९:१-७, प्रेषितांची कृत्ये १८:१-११)



आमच्या मंडळीतील एक तरुण व त्याची पत्नी सेवेकरिता पूर्व आफ्रिकेत गेली, त्यास आता चौदा महिने झाले. त्यांच्या खर्चाचा काही भाग आमची मंडळी सुगीच्या अर्पणातून उचलीत असते. गेल्या महिन्यात त्याचे पत्र आले, ते पंचांच्या सभेत वाचून दाखविण्यात आले. त्याने प्रांजळपणे लिहिले होते की, आपण अद्याप एकही उपदेश केलेला नाही. सकाळी स्वाहिली भाषेचा धडा घ्यावा, दुपारी मिशनशाळेचा बिघडलेला पंप पाहावा, सायंकाळी शेजाऱ्यांच्या ओट्यावर जाऊन बसावे, यातच दिवस सरतो. पत्राच्या शेवटी एक प्रश्न होता : मी मंडळीचा पैसा फुकट तर खात नाही ना? परत येऊ काय?

पत्र संपल्यावर एक वयोवृद्ध पंच म्हणाले, "पाळकसाहेब, आम्ही ज्वारी विकून पैसे दिले, ते ह्याने ओट्यावर बसावे म्हणून काय?"

हा प्रश्न कृपणपणाचा आहे असे कोणी समजू नये. जी बाई अंडी विकून आलेल्या पैशांतले चार नाणी दानपात्रात टाकते, तिला तो विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. त्या सभेत मला नीट उत्तर देता आले नाही. या आठवड्याचा पाठ मी त्याच प्रश्नासाठी निवडला आहे.

यिर्मया संदेष्ट्याने यरुशलेमेहून बाबेलातील पाडाव लोकांस पत्र धाडले, हे आपणांस ठाऊक आहे. त्या लोकांत, दोन वर्षांच्या आत सर्व काही पूर्ववत होईल, असे सांगणारेही होते. अठ्ठाविसावा अध्याय पाहावा. असे बोलणे कोणास गोड लागणार नाही? यिर्मयाने मात्र घरे बांधण्यास, मळे लावण्यास, मुलांमुलींची लग्ने करण्यास, आणि ज्या नगरात आपण परके आहो त्याच नगराच्या कुशलासाठी प्रार्थना करण्यास सांगितले. ते लोक बळाने नेलेले होते आणि सेवक हा स्वखुशीने गेलेला असतो, हा भेद आहे खरा. तथापि ज्या मनुष्याची गाठोडी अर्धी बांधलेलीच असते, त्याचे बोलणे शेजारी मनावर घेत नाहीत, ही गोष्ट दोघांसही सारखीच लागू पडते. पौलासारख्या त्वरित प्रवास करणाऱ्या प्रेषितानेही करिंथात तंबू करणाऱ्या अक्विलाच्या घरी बिऱ्हाड केले व तेथे दीड वर्ष काढले.

आता एक इतिहास सांगतो. इ. स. १८१२ च्या फेब्रुवारीच्या ६ व्या तारखेस अमेरिकेतील सेलेम गावच्या उपासनामंदिरात पाच तरुणांस हस्तार्पण करून दीक्षा देण्यात आली. त्यांपैकी गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे १८१३ मध्ये मुंबईस पोहोचले. आपल्या मराठी मिशनाचा आरंभ त्यांच्यापासून झाला, म्हणून त्यांची नावे आपल्या घरोघरी आहेत. पाचांतील आणखी एक, अदोनिराम जडसन, यांची गोष्ट आपल्या लोकांत तितकीशी सांगितली जात नाही.

जडसन व त्यांची पत्नी अ‍ॅनबाई ही १८१२ च्या जूनमध्ये कलकत्त्यास उतरली. कंपनी सरकारने त्यांस राहू दिले नाही. मॉरिशस, तेथून मद्रास, असे फिरत अखेरीस ज्या जहाजात जागा मिळाली त्यात बसून ती १३ जुलै १८१३ रोजी ब्रह्मदेशातील रंगून बंदरास लागली. त्या देशास आता म्यानमार व त्या शहरास यांगोन म्हणतात. वाटेत अ‍ॅनबाईंस मृत मूल झाले. किनाऱ्यावर उतरताना त्यांच्या अंगी चालण्याचे बळ नव्हते, म्हणून खुर्चीस बांबू बांधून चार माणसांनी त्यांस गावात नेले. अशा रीतीने त्या देशात त्यांचा प्रवेश झाला.

पहिले काम भाषेचे. आज आपणांस व्याकरण, कोश, ध्वनिमुद्रणे सर्व काही हाताशी मिळते. त्यांस जो शिक्षक मिळाला, त्यास इंग्रजीचा एक शब्दही येत नव्हता. वस्तूकडे बोट दाखवावे, त्याने नाव सांगावे, आणि ते लिहून घ्यावे, असा तो वर्ग चाले. ग्रंथ ताडपत्रांवर, अक्षरे वाटोळी, आणि शब्दांमध्ये मोकळी जागा नाही, त्यामुळे एक शब्द कोठे संपला व दुसरा कोठे आरंभला हेच प्रथम उमगेना. जडसन दिवसाचे दहा दहा, बारा बारा तास ताडपत्रांपुढे बसत. इतकेही करून रोजचे बोलणे अ‍ॅनबाईंस अगोदर येऊ लागले! कारण घर त्यांना चालवायचे होते. चाकरांस काम सांगणे, बाजारात भाव करणे, शेजारणीची विचारपूस करणे, या शाळेत त्यांची प्रगती पतीपेक्षा लवकर झाली. आमच्या त्या तरुणाच्या पत्रात त्याच्या पत्नीविषयी दोनच ओळी आहेत, आणि त्यांत ती पाणी भरावयास बायकांबरोबर जाते एवढेच लिहिले आहे. मला वाटते, त्या दोन ओळी पत्रातील सर्वांत मोलाच्या आहेत.

भाषा म्हणजे केवळ शब्दांची यादी नव्हे. ब्रह्मी लोक बौद्ध धर्माचे. त्यांचे धर्मविषयक शब्द पाली भाषेतून आलेले. म्हणून जडसन यांनी पालीचाही अभ्यास केला. 'फया' हा मानाचा शब्द तेथे बुद्धास लावीत, स्तूपास लावीत, राजासही लावीत. मग सनातन देवास काय म्हणावे? त्यांच्या शास्त्रभाषांतरात 'थावर फया' असा प्रयोग आहे. हा 'थावर' म्हणजे पालीतील तोच शब्द, जो आपण 'स्थावर मालमत्ता' म्हणताना उच्चारतो : जे ढळत नाही ते. असा शब्द बाहेरून आणता येत नाही. तो लोकांच्या तोंडून ऐकून निवडावा लागतो, आणि ऐकण्यास वर्षे लागतात.

येथे माझीही एक गोष्ट सांगतो. मी नगरकडचा. सेमिनरीतून बाहेर पडल्यावर माझी नेमणूक सातपुड्याच्या पायथ्याशी भिल्ल वस्त्यांत झाली. मी चार महिने शुद्ध मराठीत मोठ्या आवेशाने उपदेश केले. एके दिवशी एक वृद्ध आजीबाई मला म्हणाल्या, "पाळकबाबा, तुम्ही बोलता ते तलाठी नोटीस वाचतो तसे वाटते." मी परदेशी गेलो नव्हतो, जिल्हाच ओलांडला होता! त्यानंतर मी वर्षभर अधिक ऐकले व कमी बोललो. त्या वर्षाचा अहवाल लिहिताना मात्र मला लाज वाटली, कारण छापील तक्त्यात ऐकण्यासाठी रकाना नव्हता.

जडसन यांचा तक्ताही रिकामाच होता. १८१५ त त्यांस मुलगा झाला, तो आठ महिन्यांचा होऊन वारला. १८१६ त स्वदेशातून यशाची विचारणा झाली, तेव्हा त्यांनी उत्तर पाठविले, त्याचा भावार्थ असा : देव विश्वासू आहे यापलीकडे मजजवळ दाखविण्यास काही नाही, आम्हांस भाकर देऊन येथे राहू द्या, आणि वीस-तीस वर्षे जगलो तर पुन्हा खबर कळवू. पुढल्याच वर्षाच्या अखेरीस ते एका साहाय्यकाच्या शोधार्थ चितागाँगास निघाले. वाऱ्याने जहाज भलतीकडे नेले व ते मद्रासच्या किनाऱ्यास लागले. सात महिने त्यांचा पत्ता नाही. रंगुनात पटकीची साथ, लढाईच्या अफवा. सोबतचे मिशनरी कुटुंब बंगालकडे निघाले, आणि अ‍ॅनबाईही जहाजावर चढल्या. जहाज नादुरुस्त निघून खोळंबले, तेव्हा त्या खाली उतरून एकट्याच आपल्या घरी परत गेल्या. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, १८१८ च्या ऑगस्टात, जडसन परत आले. त्या जहाज धरून निघून गेल्या असत्या तर त्यांस कोणीही दोष दिला नसता.

मग १८१९ च्या एप्रिलात त्यांनी एक झयात उघडली. झयात म्हणजे त्या देशातील धर्मशाळेसारखा मांडव. वाटसरूंनी बसावे, विसावावे, बोलावे यासाठी असतो. जडसन यांनी आपल्या देशाच्या नमुन्याचे मंदिर उभारले नाही. मोठ्या पॅगोड्याकडे जाणाऱ्या वाटेजवळ त्यांनी जमिनीपासून उंच, बांबूचा व गवताने शाकारलेला पुढला सोपा केला. त्यास रस्त्याच्या बाजूने दार नाही की भिंत नाही. तेथे ते दिवसभर बसत आणि येणाऱ्याजाणाऱ्यांस, यशयाच्या पंचावन्नाव्या अध्यायात तान्हेल्यांस जशी हाक आहे तशी, हाक मारीत. ओट्यावर बसणे म्हणतात ते हेच नव्हे काय? त्याच वर्षी २७ जून रोजी मौंग नाऊ नावाच्या मनुष्याचा बाप्तिस्मा झाला. रंगुनास उतरल्यापासून सहा वर्षे पुरी होण्यास दोन-तीन आठवडे उरले होते.

पुढील वर्षाच्या आरंभी जडसन राजधानीस जाऊन राजास भेटले. शास्त्राच्या सहा खंडांस ब्रह्मी रीतीने सोन्याचा वर्ख लावून नजराणा नेला. राजाने पत्रिका वाचून खाली टाकली व परवानगी नाकारली. आता प्रजेतील कोणी ख्रिस्ती झाला तर त्याच्या जिवास धोका होता. जडसन यांनी रंगून सोडून दुसरीकडे जावयाचे ठरविले आणि तोपर्यंत बाप्तिस्मा घेतलेल्या तिघांस तसे सांगितले. ज्यांस धोका अधिक, ते तिघे त्यांस म्हणू लागले की, जाऊ नका. निदान आठदहा जण होईपर्यंत व आमच्यातील एक जण शिकविण्यास तयार होईपर्यंत राहा. जडसन राहिले. १८२४ त लढाई पेटून ते बंदीत पडले. अ‍ॅनबाई १८२६ त वारल्या. संपूर्ण शास्त्राचे भाषांतर १८३४ त पुरे झाले. तो सर्व वृत्तान्त फार मोठा आहे. मजपुढे आज त्या तिघांची विनवणी आहे. गावचे लोक परक्यास 'जाऊ नका' म्हणतात, तेव्हा त्याची वस्ती झाली असे मी समजतो. आणि तसे त्यांच्याकडून घाईने म्हणवून घेता येत नाही.

हा इतिहास मी पुढच्या सभेत पंचांस सांगितला. ते वृद्ध पंच बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी विचारले, "त्या सहा वर्षांचे पैसे कोणी भरले?" मी म्हणालो, अमेरिकेतील बॅप्टिस्ट मंडळ्यांनी, १८१४ त त्या याच कामासाठी फिलाडेल्फियास एकत्र आल्या. आणि आठवड्यास एक सेंट याप्रमाणे साठविणारी बायकांची लहान लहान मंडळे त्या काळी तिकडे होती. "एक सेंट म्हणजे आपल्या अंड्याइतकाच की," असे ते म्हणाले, व सहामाहीच्या रकमेस त्यांनीच अनुमोदन दिले.

रक्कम रवाना झाली आहे. सोबतच्या पत्रात मी त्या तरुणास परत येण्याविषयी काही लिहिले नाही. पुढील पत्रात शेजाऱ्यांच्या मुलांची नावे कळवावी, म्हणजे बुधवारच्या प्रार्थनासभेत ती घेता येतील, एवढे लिहिले आहे.