तसबीर उतरवण्याआधी

वर्धा, रविवार

चि. मुक्तास,


काल फोनवर म्हणालीस, "मामा, विनोबांची तसबीर भिंतीवरून काढली." वसतिगृहात कुणी त्यांना 'सरकारी संत' म्हणालं, तू शोधलंस आणि तुला ते पटलं. मी रागावलो नाही. पण तसबीर पेटीत टाकण्याआधी एवढं वाच.

तू वाचलंस ते मी खोडणार नाही. जून १९७५ मध्ये आणीबाणी आली तेव्हा विनोबांचं वर्षभराचं मौन चालू होतं. विनोबांच्या भूदान चळवळीसाठी १९५४ मध्ये जीवनदान जाहीर केलेले जयप्रकाश नारायण तुरुंगात होते. आणि विनोबांच्या पवनार आश्रमातून बाहेर आले ते दोन शब्द: 'अनुशासन पर्व'. सरकारनं त्या शब्दांची घोषणाच केली. तुझ्या आजोबांचे एक जिवलग मित्र तेव्हा 'मिसा' कायद्याखाली तुरुंगात होते. भूदानात पायी हिंडलेला माणूस! सुटल्यावर ते सेवाग्रामला जात. पवनारची वाट मात्र त्यांनी कायमची सोडली.

आता पवनारच्या बाजूनं, धाम नदीच्या काठावरून बघ. मौन सुटल्यावर विनोबांनी उलगडा केला, की शासन सत्तेचं असतं, अनुशासन आचार्यांचं. जानेवारी १९७६ मध्ये पवनारला आचार्यांचं संमेलन भरलं. त्याच वर्षी गोहत्याबंदीसाठी त्यांनी उपवास जाहीर केला, तर पोलिसांनी आश्रमातून 'मैत्री' मासिकाचे अंक जप्त केले. सरकारी संताकडे सरकार असं येतं होय?

आपल्या वावरात कामाला येणाऱ्या म्हाताऱ्या काकांना यातलं काही ठाऊक नाही. त्यांच्या बापाला भूदानात जमीन मिळाली, निम्मी मुरमाड. त्यांचे विनोबा सातबाऱ्यावर आहेत. ते हात जोडतात आणि मुरमाला शिव्याही घालतात. १९५९ मध्ये सुरू झालेल्या पवनारच्या ब्रह्मविद्या मंदिरात ज्या बायकांनी स्वतःच्या मर्जीनं आयुष्य घालवलं, त्यांचे विनोबा आणखी निराळे.

या सगळ्यांची बेरीज करून सरासरी काढू नकोस. कुणी थोरामोठ्यांबद्दल काही सांगितलं, की विचार, "तुम्ही तेव्हा कुठे होता?" आणि तो दुखावलेला असेल तर त्याचं पुरतं ऐकून घे, मध्येच खुलासे देऊ नकोस. खुलासा खरा असला तरी तुरुंगातले दिवस परत येत नाहीत. आणखी एक. उशिरा कळलेली गोष्ट आधीच्यांपेक्षा जास्त खरी वाटते. तुझं काल तेच झालं.

आजोबांच्या त्या मित्राचं राहिलंच. पवनारला ते पुन्हा गेले नाहीत, पण रोज पहाटे विनोबांची गीताई वाचत, अगदी शेवटच्या आठवड्यापर्यंत. मी एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाले, "भांडण आहे म्हणून घर सोडायचं काय बाप्पा?" पुठ्ठा उसवलेली ती प्रत आता माझ्याकडे आहे. दिवाळीला आलीस की हातात घेऊन बघ. तसबिरीचं त्यानंतर तू ठरव.

तुझा,
मामा