आधी दार, मग गल्ला

दुकानाच्या किल्ल्या आता तुझ्या हाती येतील. माल कुठून घ्यायचा, भाडं कधी भरायचं, कोणत्या दिवशी गर्दी असते, हे तुला महिन्याभरात आपोआप कळेल. मी सांगतोय ते कायद्याचं. वकील सांगतो ते फाइलीत राहतं. मला दारापासून तिजोरीपर्यंत रोज हाताने करायच्या गोष्टी सांगायच्या आहेत. कॅलिफोर्नियातलं गांजाचं दुकान मोठ्या गुन्ह्यापेक्षा छोट्या आळसाने बंद पडायची भीती जास्त, असं माझं मत आहे.

पाया आधी समजून घे. आजारी माणसांसाठी या राज्याने १९९६ साली मतदानाने वाट मोकळी केली. नोव्हेंबर २०१६ मध्ये प्रपोझिशन ६४ मंजूर झालं आणि १ जानेवारी २०१८ पासून २१ वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही परवानाधारक दुकानातून गांजा विकत घेता येऊ लागला. पण फेडरल कायद्याने ही परवानगी दिलेली नाही. राज्य तुला परवाना देतं, कर घेतं, तपासणीला माणूस पाठवतं. वॉशिंग्टनच्या लेखी मात्र तू अमली पदार्थाचा व्यापार करतेस. बँक, आयकर, व्हिसा, या धंद्यातल्या सगळ्या अवघड गाठी इथूनच पडतात.

म्हणून पहिली गोष्ट घरातली. तू इथली नागरिक आहेस, जावई अजून ग्रीन कार्डवर आहेत. त्यांना दुकानात रविवारी मदतीलाही बसवू नकोस. कागदावर भागीदार करू नकोस, सही करायला लावू नकोस. या धंद्यात काम केलं तर, राज्यात ते कायदेशीर असलं तरी, नागरिकत्वाचा अर्ज फेटाळला जाऊ शकतो, हे इमिग्रेशन खात्याने एप्रिल २०१९ मध्ये लेखी स्पष्ट केलंय. शिवाय कॅलिफोर्नियात लग्नानंतरची कमाई नवरा-बायको दोघांची धरतात. तेव्हा दुकान तुझ्या नावावर करायच्या आधी इमिग्रेशनचा वकील आणि धंद्याचा वकील दोघांना एका टेबलाशी बसव. नात्यातली मुलं शिकायला येतात, कॉलेजच्या सुट्टीत काम मागतात. त्यांना घरी जेवायला बोलव, फीला मदत कर, पण विद्यार्थी व्हिसावरच्या पोराला या काउंटरमागे उभं करू नकोस. त्याला राग आला तर येऊ दे. मराठी मंडळात कुणी म्हणालं की मामा-भाचीने आपल्याच माणसांना दूर ठेवलं, तर तेही ऐकून घे.

आता दार. आपल्या दुकानात विक्री काउंटरवर होते, पण परवाना टिकतो तो दारावर. सुरक्षारक्षक परवानाधारकच हवा. ओळखपत्र दारात एकदा आणि गल्ल्यावर पुन्हा बघायचं. कायद्याला काय पुरेसं आहे हा हिशोब करू नकोस, दोनदा बघ. ओळखपत्र ग्राहकाच्या हातात असताना वाचू नये. आपल्या हातात घ्यावं, उजेडात तिरकं धरावं, कड बोटाने चाचपावी, फोटोतल्या कानांकडे बघावं, कारण केस आणि दाढी बदलते, कान बदलत नाहीत. मग मुदत बघावी. जन्मसालावरून वय मनात काढायची सवय कर्मचाऱ्यांना लावू नकोस, स्कॅनर आहे. पाहुणा भारतातून आला असेल तर पासपोर्ट माग, तो चालतो. फोनमधला पासपोर्टचा फोटो घेऊ नकोस. पांढऱ्या केसांच्या आजोबांनाही विचार. एकाला सोडलं की रक्षकाला वाटतं, सोडायची मुभा आहे.

डॉक्टरांची शिफारस असलेले १८ वर्षांचे रुग्ण येऊ शकतात, पण त्यासाठी परवान्यावर वैद्यकीय विक्रीची नोंद हवी आणि कागद तपासायची रीत वेगळी आहे. ज्याला ती पक्की येते त्याच माणसाला त्या काउंटरवर ठेव.

प्रौढ ग्राहकाला दिवसाला २८.५ ग्रॅम फूल आणि ८ ग्रॅम कॉन्सन्ट्रेट, एवढीच मर्यादा. दिवसाला म्हणजे दिवसाला. सकाळी एकदा घेऊन गेलेला संध्याकाळी परत आला तर सॉफ्टवेअर सांगेल, पण नाव नीट टाकलं असेल तरच. विक्री सकाळी ६ ते रात्री १० या वेळातच होते आणि तुझ्या शहराने वेळ त्याहून कमी ठेवली असेल तर शहराचीच चालते. दहाला पाच कमी असताना आत आलेल्याचा सौदा दहानंतर गल्ल्यात पडता कामा नये. मी पावणेदहाला दाराशी माणूस उभा करत असे.

माल उतरवणं हे दुकानातलं सगळ्यात कंटाळवाणं काम आहे आणि ते तू स्वतः कर, निदान पहिलं वर्ष. डिस्ट्रिब्युटरची गाडी येते, सोबत मॅनिफेस्ट येतं. मेट्रक नावाच्या सरकारी प्रणालीत प्रत्येक पॅकेजला चोवीस आकडे-अक्षरांचा टॅग असतो. ड्रायव्हर घाईत असतो. तो म्हणतो सही करा, नंतर मोजा. सही नंतर. खोका उघडायचा, नगांची संख्या मॅनिफेस्टशी, टॅग स्क्रीनशी, बॅच नंबर प्रयोगशाळेच्या दाखल्याशी जुळवायचा. दाखल्यावरचा बॅच आणि डबीवरचा बॅच यांत एक अक्षर जरी वेगळं असलं तरी तो खोका गाडीत परत जातो. नंतर कुणी कितीही सांगितलं की छपाईची चूक आहे, तरी तो माल तुझ्या फळीवर बेकायदेशीरच आहे. डबीवर बालसुरक्षित झाकण, त्रिकोणातलं पान आणि खाली सीए लिहिलेली खूण, खाण्याच्या जिनसेत एका तुकड्यात १० मिलिग्रॅम आणि पाकिटात १०० मिलिग्रॅमहून जास्त टीएचसी नाही, हे डोळ्यांनी बघायचं. आपण दुकानात काहीही सुटं करत नाही, नव्या डबीत भरत नाही, लेबल लावत नाही. किरकोळ दुकानाला ती परवानगीच नाही. वास घ्यायला काचेच्या बरणीत फूल ठेवता येतं, पण ते नमुन्याचं फूल कधीच विकायचं नाही.

बॅच नंबरवर मी इतका का अडून बसतो? २०१९ च्या उन्हाळ्यात देशभर पोरं फुप्फुसं बिघडून इस्पितळात जायला लागली. तपास करणारे कारण शोधता शोधता बेकायदा व्हेप कार्ट्रिजमध्ये मिसळलेल्या व्हिटॅमिन ई ॲसिटेटपर्यंत पोचले. त्या दिवसांत घाबरलेले ग्राहक हातात कार्ट्रिज घेऊन दुकानात यायचे. मी टॅग टाकून त्यांना दाखवू शकत होतो की हे कुठे बनलं, कुणी तपासलं. ज्याच्याकडे कागद नव्हता त्याच्याकडे फक्त शब्द होता. रिकॉलची नोटीस आली तर त्याच तासाला तो माल फळीवरून काढ, कुलपात वेगळा ठेव, मेट्रकमध्ये अडकव, आणि मग चहा पी.

रात्रीची मोजणी चुकवू नकोस. नियम तीस दिवसांतून एकदा साठा जुळवायला सांगतो. तू महाग मालाची रोज आणि बाकीच्याची आठवड्याला कर. महिन्याने सापडलेली तूट कुणाची ते कळत नाही. त्याच रात्री सापडलेली तूट बहुतेक वेळा पहाटेआधी सुटते. चोरी झाली, किंवा मोठा फरक दिसला, तर कळल्यापासून २४ तासांत परवाना देणाऱ्या राज्याच्या खात्याला आणि पोलिसांना कळवायचं. आधी घरातल्या घरात छडा लावू, मग सांगू, असं मनात येईल. तो विचार बाजूला ठेव. कॅमेऱ्याचं चित्रण ९० दिवस ठेवावं लागतं. दर सोमवारी ८९ दिवसांपूर्वीचा एखादा तास उघडून बघ, कारण भरलेली डिस्क स्वतःहून ओरडत नाही. कागदपत्रं सात वर्षं.

पैशाचं सांगतो. आयकर कायद्यात २८०ई नावाचं कलम आहे. १९८१ मध्ये मिनीॲपोलिसमधल्या एका अमली पदार्थ विक्रेत्याला कर न्यायालयाने धंद्याचा खर्च वजा करू दिला, म्हणून १९८२ मध्ये काँग्रेसने हे कलम आणलं. त्यामुळे आपल्याला फक्त मालाची खरेदी वजा करता येते. भाडं, पगार, जाहिरात, वीज वजा करता येत नाही. समज, वर्षाची विक्री १० लाख डॉलर, माल ६ लाखांचा, बाकी खर्च ३ लाख. हातात उरतात १ लाख, पण फेडरल कर लागतो ४ लाखांवर. कंपनीला २१ टक्क्यांनी ८४ हजार. एक लाखातले ८४ हजार! ओकलंडच्या हार्बरसाइडसारखं मोठं दुकान याविरुद्ध कर न्यायालयात गेलं आणि २०१८ मध्ये हरलं. या पदार्थाची फेडरल वर्गवारी बदलणार अशा बातम्या येत राहतात. तुझा सीपीए लेखी देत नाही तोवर जुन्याच हिशोबाने दर शुक्रवारी पैसे वेगळ्या खात्यात टाक आणि त्या खात्याचं कार्ड घरात ठेवू नकोस. गल्ल्यात दिसणारी रोकड तुझी आहे असं ज्या दिवशी वाटलं, त्या दिवसापासून दुकान कर्जात जायला लागतं.

राज्याचा एक्साइज वेगळा. तो १ जुलै २०२५ ला १५ चे १९ टक्के झाला आणि १ ऑक्टोबरला पुन्हा १५ वर आला. अशा दिवशी पहाटे येऊन गल्ल्याच्या यंत्रातला दर बदल, एक खोटी विक्री करून पावती वाच आणि ती विक्री रद्द कर. जास्त कापलास तर ग्राहकाचे पैसे, कमी कापलास तर तुझे. एखाद्याने १० हजार डॉलरपेक्षा जास्त रोख दिली तर आयकर खात्याचा फॉर्म ८३०० भरायचा. बँकेत रोख भरताना रक्कम तोडून तोडून भरायची नाही, कुणी कितीही सोपं म्हणो. ती तोडणं हाच वेगळा गुन्हा आहे.

काउंटरवर उभ्या पोरांना एक गोष्ट पुन्हा पुन्हा शिकव. आपण डॉक्टर नाही. गुडघे धरलेल्या, इकडे मुलाकडे राहायला आलेल्या काकू येतात, आपण मराठी बोलतो म्हणून धीर करून विचारतात, "याने मला झोप येईल ना रे? रक्त पातळ करायची गोळी चालू आहे." तिथे थांबायचं. वॉरफरिनसारख्या गोळीवर सीबीडीचा परिणाम होऊन रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. "काकू, आधी तुमच्या डॉक्टरांना हे नाव दाखवा," म्हणून चिठ्ठीवर नाव लिहून द्यायचं. विक्री गेली तर गेली. जे पहिल्यांदाच खाण्याची गोळी घेतात त्यांना पाच मिलिग्रॅमच्या आतून सुरू करायला आणि दुसरी घ्यायच्या आधी दोन तास थांबायला सांग. पोटातून चढायला वेळ लागतो, लोक अर्ध्या तासाने दुसरी घेतात आणि मग रात्री घाबरून ९११ ला फोन करतात. अमुक रोग बरा होतो असं वाक्य तुझ्या भिंतीवर, फोनवर, कुणाच्याही तोंडात नको.

तेच नातेवाईक परतीच्या वेळी विचारतील, चार गमीज सामानात घालून देतेस का. स्पष्ट नाही म्हण. राज्याची सीमा ओलांडली की फेडरल गुन्हा, आणि मुंबईला उतरल्यावर भारताचा अमली पदार्थांचा १९८५ चा एनडीपीएस कायदा. महाशिवरात्रीच्या भांगेचा दाखला देतील. त्या कायद्याने गांजाच्या व्याख्येतून नुसती पानं वगळली आहेत. अर्क काढलेल्या गमीला ती सवलत मिळत नाही. गल्ल्याशेजारी माझी पाटी आहे, इंग्रजी आणि मराठीत, विमानतळावर नेऊ नका अशी. ती काढू नकोस.

तपासनीस न सांगता येतो. त्याला थांबवू नकोस, बसायला खुर्ची दे, ओळखपत्र बघ, नोंदवहीत नाव लिही, मागेल ते काढून दे आणि मागितलं नाही ते बोलू नकोस. प्रत्येक कर्मचाऱ्याच्या गळ्यात बिल्ला त्या क्षणी असला पाहिजे, खिशात नव्हे. आणि परवान्याची मुदत संपायच्या ६० दिवस आधीपासून नूतनीकरणाचा अर्ज घेतात. शहराचा कागद मिळायला राज्यापेक्षा जास्त वेळ लागतो, म्हणून शहराच्या खिडकीवर त्याच्याही महिनाभर आधी जा.