बोट रिकामी पाहू नका

प्रश्न : आमच्या मंडळाला पूरकाळासाठी मोटरबोट घ्यायची आहे. विक्रेता तळ्यात फेरी मारून दाखवतो म्हणतो. काय तपासावं? – एक वाचक, शिरोळ तालुका

उत्तर : संथ पाण्यात, दोघंच बसलेली बोट कुणालाही झकास वाटते. तिच्यात क्षमतेइतक्या वजनाची वाळूची पोती भरा आणि मग चालवा. ऑगस्ट 2019 मध्ये पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला बोट उलटली, तेव्हा तिच्यात क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती.

पूर्ण वेग दिल्यावर नाक वर उचलतं, ते थोड्या वेळात खाली बसलं पाहिजे. बसलंच नाही तर इंजिन कमी पडतंय. दोन्ही बाजूंना वळवून पाहा. वळणात पंखा हवा धरून नुसताच किंचाळत असेल तर इंजिन चुकीच्या उंचीवर बसवलंय. चालकाच्या मनगटाची दोरी ओढा, इंजिन तत्क्षणी बंद व्हायलाच हवं. ही चाचणी टाळणाऱ्याकडून बोट घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत.

मागे उठणारी लाटही बघा. वॉटर स्कीच्या स्पर्धेत बोट ताशी 58 किलोमीटरपर्यंत धावते, तरी तिची लाट सपाट लागते, नाहीतर खेळाडू उडतो. तुम्हाला एवढा वेग नको; पण गल्लीत शिरताना लाट भिजल्या भिंतींवर आदळते, म्हणून बोट अगदी हळू असतानाही सुकाणूला ऐकते का, ते पाहा.

लाइफ जॅकेट मात्र बोटीसोबतच घ्या. ‘नंतर घेऊ’ म्हटलं की राहूनच जातात.