अभ्यासिकेतील फोनविषयी भाच्यास पत्र



राज्यसेवेच्या तयारीसाठी पुण्याच्या अभ्यासिकेत दिवसभर बसूनही वाचलेले टिकत नाही, या तक्रारीचा दोष चिरंजीवाने स्वतःच्या मनाच्या दुबळेपणावर टाकला आहे. हे निदान अपुरे आहे. अवधान, म्हणजे अनेक विषयांतून एकाला धरून उरलेल्यांना बाजूला सारण्याची मनाची क्रिया, केवळ निग्रहावर चालत नाही. भोवतालची मांडणी तिला आधार देते, तशी मोडूनही काढते.

सोफी लेरॉय या संशोधिकेने २००९ मध्ये मांडलेली अवधानशेषाची कल्पना येथे उपयोगी पडते. एक काम अर्धवट टाकून दुसरे हाती घेतले की मनाचा काही अंश पहिल्यातच गुंतून राहतो, त्या उरलेल्या गुंत्याला अवधानशेष म्हणावे. राज्यघटनेचे कलम वाचताना आलेला संदेश क्षणात पाहून होतो, परंतु त्याला उत्तर काय द्यावे हा विचार पुढची दोन पाने व्यापतो, आणि डोळे ओळींवरून फिरत असल्यामुळे वाचन चालू आहे असा भास मात्र टिकून राहतो. म्हणूनच स्क्रीनवर किती मिनिटे गेली याचा हिशेब, जो फोन स्वतःच मोठ्या तत्परतेने दाखवतो, खऱ्या नुकसानीपेक्षा कमीच भरतो. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्लोरिडातील एका प्रयोगात तर फोन हाती न घेताही, नुसत्या सूचनेच्या आवाजाने वा थरथरीने, सलग लक्ष लागणाऱ्या कामातील चुका वाढल्या.

टेक्सास विद्यापीठातील संशोधकांना २०१७ मध्ये असे दिसले की आवाज बंद केलेला फोन समोर टेबलावर असणाऱ्यांपेक्षा तो दुसऱ्या खोलीत ठेवणाऱ्यांनी बौद्धिक चाचण्या अधिक चांगल्या सोडवल्या. पुढील काही प्रयोगांत हा परिणाम तितका स्पष्ट आढळला नाही, हेही सांगितले पाहिजे. तरी फोन दूर ठेवण्याला खर्च काहीच नसल्याने पुरावा अपुरा म्हणून फोन टेबलावर ठेवण्यात शहाणपण नाही.

मात्र हे एकट्याने न करता सर्वांनी मिळून करावे. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांच्या वडगावात २०२२ मध्ये सुरू झालेल्या उपक्रमात संध्याकाळी सातला भोंगा वाजला की दीड तास टीव्ही व मोबाईल बंद ठेवण्याचे ठरले. त्यातील मर्म भोंग्यात नसून एकत्रितपणात आहे, कारण सगळ्यांचेच फोन बंद असले की आपले काही हुकते आहे ही धास्तीच उरत नाही. चिरंजीवाने अभ्यासिकेतील तीनचार मित्रांशी असेच ठरवून सकाळच्या सत्रात सर्वांचे फोन बाहेरच्या कपाटात कुलूपबंद करावेत. टेलिग्रामवर येणाऱ्या नोट्सची अडचण खरी आहे. त्यांची प्रिंट आदल्या संध्याकाळीच काढून घ्यावी, आणि घरून तातडीचा निरोप द्यायचा झाल्यास म्हणून अभ्यासिकेच्या व्यवस्थापकांचा नंबर आपल्या आईला कळवून ठेवावा.