रहीमसाहेबांचा वारसा

प्रस्तावना

एखाद्या व्यक्तीने दीर्घकाळ एकाच क्षेत्रात काम केले, की तिच्या पश्चात तिचा गौरव होतो. गौरवात गुणांची नोंद होते. मूल्यमापनात मात्र यशामागची परिस्थिती, उणिवा आणि मागे काय उरले हेही पाहावे लागते. भारतीय फुटबॉल संघाचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांच्या कार्याचा असा विचार प्रस्तुत पाठात केला आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही
• रहीम यांच्या कार्याची माहिती सांगू शकाल;
• यश आणि वारसा यांतील फरक स्पष्ट करू शकाल;
• एखाद्या व्यक्तीच्या कार्याचे मूल्यमापन करणारा परिच्छेद लिहू शकाल.

मूळ पाठ

सय्यद अब्दुल रहीम यांचा जन्म १९०९ साली हैदराबाद येथे झाला. व्यवसायाने ते शाळाशिक्षक होते. हैदराबाद सिटी पोलिस संघाचे प्रशिक्षक म्हणून ते नावारूपाला आले. या संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईतील रोव्हर्स चषक जिंकला. १९५० पासून पुढे सुमारे बारा वर्षे, काही स्पर्धांचा अपवाद वगळता, भारतीय संघाची धुराही त्यांच्याकडेच होती.

या काळातील यश डोळ्यांत भरणारे आहे. १९५१ साली दिल्लीच्या पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धेत भारताने इराणला १-० असे हरवून सुवर्णपदक मिळवले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये मुंबईच्या नेव्हिल डिसोझा यांनी ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले आणि भारत उपान्त्य फेरीत पोहोचला. १९६२ साली जाकार्ता येथे भारताने दक्षिण कोरियाचा २-१ असा पराभव करून पुन्हा सुवर्णपदक जिंकले. इस्राएल आणि तैवान यांना स्पर्धेबाहेर ठेवल्याबद्दल भारतीय क्रीडाप्रशासक गु. दि. सोंधी यांनी आक्षेप घेतला होता. त्यामुळे प्रेक्षक भारताच्या विरोधात गेले होते. बचावपटू जर्नेलसिंग यांच्या डोक्याला जखम झालेली होती. रहीम यांनी त्यांना बचावफळीतून काढून आघाडीवर खेळवले आणि अंतिम सामन्यातील एक गोल त्यांनीच केला.

परंतु मूल्यमापन करताना दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. १९५१ च्या स्पर्धेत अवघे सहा संघ होते. मेलबर्नला अकरा संघ आले आणि हंगेरीने माघार घेतल्यामुळे भारताला पहिली फेरी न खेळताच पुढे जाता आले. शिवाय १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताला १०-१ असे हरवले होते. त्या सामन्यात अनेक भारतीय खेळाडू अनवाणी खेळले. पुढे बूट घालून खेळणे सक्तीचे झाले. याच युगोस्लाव्हियाशी मेलबर्नच्या उपान्त्य सामन्यात भारत १-४ असा हरला. चार वर्षांत पडलेले हे अंतर एखाद्या पदकाइतकेच बोलके आहे.

हे अंतर कापले गेले त्यात रहीम यांच्या शिक्षकवृत्तीचा मोठा वाटा होता. हैदराबादेत त्यांनी आगळ्या स्पर्धा भरवल्या. काही स्पर्धांत खेळाडूने आपल्या दुबळ्या पायानेच चेंडू मारायचा असे. काहींत चेंडू पायाशी घेऊन प्रतिस्पर्ध्यांना चकवत पळण्यास मनाई असे. चेंडू तत्काळ सहकाऱ्याकडे द्यावा लागे. सुलेखनाचा सराव घेणारा शिक्षक दोन ओळींच्या मर्यादेत अक्षर बसवायला लावतो, तशीच ही रीत होती. मर्यादा घातली की लपलेली उणीव उघडी पडते आणि ती भरून काढण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

११ जून १९६३ रोजी कर्करोगाने रहीम यांचे निधन झाले. जाकार्ताच्या विजयाला तेव्हा वर्षही झाले नव्हते. त्यांचे खेळाडू मागे उरले. त्यांपैकी पी. के. बॅनर्जी पुढे प्रशिक्षक झाले आणि १९७० च्या आशियाई स्पर्धेत भारताला कांस्यपदक मिळाले. त्यानंतर या स्पर्धेत भारताच्या पुरुष फुटबॉल संघाला एकही पदक मिळालेले नाही. ऑलिंपिकच्या फुटबॉल स्पर्धेत तर भारत १९६० नंतर खेळलेलाच नाही.

येथे जपानचे उदाहरण उद्बोधक ठरते. जाकार्ताच्या त्याच स्पर्धेत भारताने जपानला २-० असे हरवले होते. त्या सुमारास डेटमार क्रामर हे जर्मन प्रशिक्षक जपानमध्ये मार्गदर्शन करीत होते. देशव्यापी साखळी स्पर्धा सुरू करावी, अशी शिफारस त्यांनी केली. जपानने ती स्वीकारली आणि १९६५ मध्ये अशी स्पर्धा सुरू केली. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये जपानला कांस्यपदक मिळाले. भारतात राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू व्हायला १९९६ साल उजाडले.

क्रामर यांचे विचार एका व्यवस्थेत रुजले. रहीम यांची रीत बहुतांशी त्यांच्या शिष्यांपुरती राहिली. ती देशभरच्या शाळांपर्यंत नेणारी कायमची व्यवस्था उभी राहिली नाही. याचा दोष त्रेपन्नाव्या वर्षी निधन पावलेल्या प्रशिक्षकाच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. यश मिळवणे हे त्यांचे काम होते आणि ते त्यांनी चोख केले. वारसा टिकवणे हे मागे राहिलेल्यांचे काम होते. म्हणून रहीमसाहेबांचे मूल्यमापन करताना आपण नकळत त्यांच्या नंतरच्या पिढ्यांचेही मूल्यमापन करीत असतो.

शब्दार्थ

धुरा – जबाबदारी, नेतृत्व
उपान्त्य – शेवटच्याच्या आधीचा
गत्यंतर – दुसरा मार्ग, पर्याय
उद्बोधक – ज्ञान देणारे, विचारास चालना देणारे

पाठगत प्रश्न

१. दुबळ्या पायाने खेळण्याच्या स्पर्धांतून खेळाडू काय शिकत असत?
२. मेलबर्नच्या यशाचा विचार करताना कोणती परिस्थिती लक्षात घ्यावी लागते?

पाठान्त प्रश्न

१. ‘यश’ आणि ‘वारसा’ यांतील फरक पाठाच्या आधारे आपल्या शब्दांत स्पष्ट करा.
२. रहीम आणि क्रामर यांच्या कार्याची तुलना करा.
३. तुमच्या परिसरातील एखाद्या शिक्षकाने किंवा कारागिराने दीर्घकाळ केलेल्या कामाचे मूल्यमापन दहा ओळींत लिहा. त्यांच्या पश्चात ते काम कोण पुढे नेऊ शकेल, याचाही विचार करा.