क्लबच्या स्टॉलवर ॲरिस्टॉटल

प्रश्न : अमेरिकेत कॉलेजच्या परदेशी विद्यार्थ्यांना लेखन शिकवते. ॲरिस्टॉटलचे ईथॉस (विश्वासार्हता), पॅथॉस (भावना), लॉगॉस (तर्क) त्यांना पाठ. पण कॅम्पसवर मिसळत नाहीत. काय करू?

उत्तर : व्याख्या पुरे. सत्रारंभीच्या क्लब फेअरला वर्गच घेऊन जा. प्रत्येकाने एक क्लब निवडून स्टुडंट गव्हर्नमेंटकडे निधी मागणारा अर्ज लिहावा. आपली मुलं थेट भावनेलाच हात घालतात : ‘घरची आठवण येते, दिवाळीला मदत करा.’ समिती विचारणार, हॉलचं भाडं किती, येणार किती जण, मागचा कार्यक्रम कुणी पार पाडला? हे शेवटचं म्हणजे ईथॉस; ते क्लबात राबल्याशिवाय येत नाही. गुण अर्जाला द्या, हजेरीला नको. एफ-१ व्हिसाची आठवडी २० तासांची मर्यादा कॅम्पसवरच्या नोकरीला आहे, क्लबच्या सभासदत्वाला नाही, हेही सांगा. काहीजण त्या धास्तीनेच लांब राहतात.